वाचक विचारतात : पॉपी, माफीनामे आणि ११ नोव्हेंबर

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी कॅनडात पॉपीची, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ छातीवर लावायच्या लाल फुलाची, मोहीम सुरू होते आणि ११ नोव्हेंबरला, स्मरणदिनी, संपते. त्याच सुमारास ब्रिटनमध्येही कोटांवर लाल फुलं दिसू लागतात. या दिवसांत तिथल्या मराठी वाचकांच्या पत्रांत दोन विषय हातात हात घालून येतात : कामाच्या ठिकाणी पॉपी लावू न देणं, आणि ओरड झाल्यावर काढलेला माफीनामा. त्यांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

मी एका दुकानसाखळीत काम करतो. गेल्या नोव्हेंबरात आम्हाला पॉपी काढून ठेवायला सांगितलं. बातमी बाहेर गेल्यावर कंपनीने निवेदन लावलं : 'आमच्या गणवेश धोरणामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत. कोणाचाही अनादर करण्याचा आमचा हेतू कधीच नव्हता. सर्वांचा आदर हा आमच्या कंपनीचा पाया आहे.' मॅनेजर म्हणतात, विषय संपला. खरंच संपला का? — एक वाचक, मिसिसागा

नाही. का नाही, ते निवेदनातच दिसतं.

'असतील तर' हे शब्द आधी बघा. फूल काढायला लावलं ही घडलेली गोष्ट आहे. तिच्यात जर-तर येतच नाही. या वाक्यात कंपनी स्वतःच्या कृतीबद्दल काहीच म्हणत नाही. दिलगिरी आहे ती तुमच्या भावनांबद्दल, आणि तीही त्या दुखावल्या असल्या तरच. म्हणजे दोष अलगद ऐकणाऱ्याच्या हळवेपणावर ढकलला गेला. दुसरं वाक्य हेतूचं. कंपनीचा हेतू वाईट होता असं कोणी म्हटलंच नव्हतं. तक्रार कृतीची होती. न केलेल्या आरोपाला उत्तर दिलं की केलेला आरोप बाजूला पडतो. तिसरं वाक्य कंपनीचं स्वतःचं कौतुक आहे, त्याचं माफीनाम्यात काही काम नाही. आणि सगळ्यात ठळक गोष्ट : पूर्ण निवेदनात 'पॉपी' हा शब्द नाही, तारीख नाही, 'आम्ही मनाई केली' असं कुठे नाही. काय केलं तेच ज्याने लिहिलेलं नाही, त्याला पुढच्या नोव्हेंबरात तेच करायला काहीही आडवं येत नाही.

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या रॉय लेविकी यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१६ मध्ये ७५५ जणांवर केलेला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. माफीचे सहा भाग त्यांनी वेगळे काढले : खेद, काय चुकलं याचा खुलासा, जबाबदारी घेणं, पश्चात्ताप, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. लोकांच्या लेखी सर्वांत वजनदार ठरलं ते जबाबदारी घेणं, त्याखालोखाल भरपाई. 'आम्हाला क्षमा करा' ही विनंती सर्वांत हलकी निघाली. तुमच्या कंपनीच्या निवेदनात या सहांपैकी फक्त खेद आहे, तोही अटीवर.

पटेल असा माफीनामा लांबलचक लागत नाही. साधारण असा : 'अमुक तारखेला आमच्या अमुक शाखेत आम्ही कर्मचाऱ्यांना पॉपी काढायला सांगितलं. तो निर्णय आमचा होता आणि तो चुकीचा होता. गणवेशाच्या नियमावलीतलं अमुक कलम आजपासून बदललं आहे. बदललेला मजकूर प्रत्येक शाखेच्या फलकावर लावला आहे. ज्यांना ताकीद दिली होती त्यांची ताकीद नोंदवहीतून काढली आहे.' खाली नाव आणि हुद्दा. नुसतं 'व्यवस्थापन' असं लिहिलं, तर त्या शब्दांची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

म्हणून मॅनेजरना एकच गोष्ट मागा : बदललेल्या नियमाची प्रत. नोव्हेंबर २०२० मध्ये होल फूड्स या किराणा साखळीने कॅनडातल्या कर्मचाऱ्यांना गणवेशाच्या नियमावर बोट ठेवून पॉपी लावायला मनाई केली होती. देशभर टीका झाली आणि मनाई मागे घेतली गेली. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने फरक पडला तो मनाई उठल्यामुळे. निवेदनातले शब्द किती गोड होते याला त्यापुढे फारसं महत्त्व नाही.

आमच्या संस्थेच्या वकिलांनी सांगितलं की 'आमचं चुकलं' असं लिहिलं तर दाव्यात ते पुरावा होईल, म्हणून गोलमोल लिहा. हे खरं आहे का? — एका संस्थेच्या कार्यवाह, टोरांटो

ही भीती जुनी आहे आणि ऑन्टारियोत तिला आता फारसा आधार नाही. माफीविषयीचा स्वतंत्र कायदा कॅनडात प्रथम ब्रिटिश कोलंबियाने २००६ मध्ये केला. ऑन्टारियोचा २००९ चा आहे. त्यानुसार दिवाणी दाव्यात माफी ही दोषाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, मग तिच्यात चूक कबूल केलेली असो वा नसो. माफी मागितली म्हणून विम्याचं संरक्षणही जात नाही. दोन अपवाद ध्यानात ठेवा : फौजदारी खटल्याला हे संरक्षण लागू नाही, आणि साक्ष देताना मागितलेल्या माफीलाही नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या नुकसानभरपाई कायद्यातही म्हटलं आहे की नुसती माफी म्हणजे हलगर्जीपणाची कबुली नव्हे. स्कॉटलंडचा स्वतंत्र कायदा २०१६ चा.

तेव्हा वकिलांना हा कायदा दाखवून विचारा की नेमक्या कोणत्या वाक्याने कोणता धोका येतो. पुष्कळदा उत्तर असं निघतं की धोका एका वाक्याचा असतो आणि पुसला जातो सगळा माफीनामा.

मी ब्रॅम्प्टनमध्ये खाद्यपदार्थांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. सुपरवायझर म्हणतात टाचणीमुळे पॉपी चालणार नाही. कायदा कोणाच्या बाजूने आहे? — एक वाचक

दोघांच्याही, आणि वाद होतो तो याच जागी. ऑन्टारियोत ५ ते ११ नोव्हेंबर हा स्मरण सप्ताह आहे, आणि त्या सात दिवसांत मालकाने कामगाराला कामाच्या ठिकाणी पॉपी लावू दिली पाहिजे अशी तरतूद कायद्यात आहे. मात्र त्यामुळे कामगाराला किंवा इतरांना आरोग्याचा वा सुरक्षिततेचा धोका होत असेल तर ती लागू होत नाही. पॉपीची टाचणी सरळ, सुट्टी आणि सहज निसटणारी असते. ती उघड्या अन्नात पडली तर खाणाऱ्याला इजा होऊ शकते, आणि कारखान्याला अख्खी बॅच बाजूला काढावी लागते. पॅकिंगच्या पट्ट्यावर सुपरवायझरांचं म्हणणं रास्त आहे.

पण पट्टा म्हणजे सबंध कारखाना नव्हे. अर्ज असा करा :

१. मनाई कोणत्या लेखी नियमाखाली आहे ते विचारा. तोंडी उत्तरावर थांबू नका.
२. कॅन्टीन, ऑफिस, गोदाम, गेट या ठिकाणी परवानगी मागा. तिथे टाचणीचा धोका दाखवणं अवघड जातं.
३. उत्पादन विभागासाठी पर्याय सुचवा : लॉकरच्या दारावर स्टिकर, नाहीतर भिंतीवर एक पॉपी सगळ्यांची मिळून.
४. लेखी उत्तर ५ नोव्हेंबरच्या आत मागा. दहा तारखेला मिळालेल्या परवानगीचा उपयोग एका दिवसाचा.

लोक फसतात ते दोन ठिकाणी. मोहीम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होते, पण कायद्याचं संरक्षण ५ तारखेपासून. मधल्या दिवसांत सगळं मालकाच्या मर्जीवर. दुसरं, बँका, विमान कंपन्या, दूरसंचार आणि प्रांताबाहेर जाणारी ट्रक वाहतूक या नोकऱ्या केंद्रीय कामगार कायद्याखाली येतात. तिथे प्रांताच्या कायद्याचा हवाला देऊन भांडायला जाऊ नका. युनियन असेल तर तिच्यामार्फत, नसेल तर कंपनीच्या स्वतःच्या धोरणावर बोट ठेवून मागणी करा. आणि ऑन्टारियोत ११ नोव्हेंबर ही सार्वजनिक सुट्टी नाही. स्मारकापाशी जायचं असेल तर रजेचा अर्ज आधीच टाका.

ब्रिटनमध्ये असा कायदा आहे का? — एक वाचक, हॅरो

पॉपी लावण्याचा हक्क देणारा नाही. २०११ मध्ये एका माजी सैनिकाने लिस्क विरुद्ध शील्ड गार्डियन या खटल्यात मांडणी केली होती की पॉपी लावावी ही श्रद्धा समानता कायद्याने संरक्षित तत्त्वनिष्ठा मानावी. रोजगार न्यायाधिकरणाने ते मान्य केलं नाही. त्यामुळे तिथे मालकाशी बोलताना 'हक्क' म्हणून नव्हे तर समान वागणूक म्हणून मुद्दा मांडा : इतर बिल्ले चालतात, मग हा का नाही?

आडमुठ्या नियमावर लेखी आणि चिकाटीने बोललं तर तो बदलतो, याचं उदाहरण फुटबॉलमध्ये आहे. ११ नोव्हेंबर २०१६ ला वेम्ब्लीवर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या खेळाडूंनी पॉपीचे काळे दंडपट्टे बांधले. राजकीय चिन्हांना मनाई या नियमाखाली फिफाने इंग्लंडला ४५,००० आणि स्कॉटलंडला २०,००० स्विस फ्रँक दंड केला. वेल्स आणि उत्तर आयर्लंडलाही दंड झाला. पुढच्याच वर्षी नियमाचा अर्थ सैल करून अशा स्मरणाला वाट दिली गेली.

आमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याला पॉपी लावायची नाही. म्हणतो, युद्धाचा गौरव नको. वर्गातली मुलं आणि एक शिक्षक त्याला टोचून बोलतात. त्याला समजवायचं की शाळेला? — पालक, ओकव्हिल

शाळेला. स्मरणाचं स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी हे आधी मान्य केलं पाहिजे की न लावण्याचं स्वातंत्र्यही त्यातच येतं. सक्तीने लावलेल्या पॉपीत स्मरण उरत नाही. कॅनडाच्या हक्क-स्वातंत्र्याच्या सनदेतलं विवेकस्वातंत्र्य सरकारी शाळा मंडळांवर बंधनकारक आहे. ऑन्टारियोतल्या मंडळांना सनद लागू होते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मुख्याध्यापकांना दोन ओळींचं पत्र पुरे : मुलगा पॉपी लावणार नाही, दोन मिनिटांच्या शांततेत तो शांत उभा राहील, आणि यावरून त्याला वर्गात विचारणा होऊ नये.

मुलाशी बोलायचंच तर एवढं सांगा की युद्धविरोधी स्मरणाचीही जुनी परंपरा आहे. ब्रिटनमधल्या सहकारी महिला संघाने १९३३ मध्ये पांढरी पॉपी काढली ती याच भावनेतून, आणि त्या बायकांत युद्धात घरची माणसं गमावलेल्या होत्या. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन लाल पॉपी लावत नाही. ब्रिटिश सैन्याने १९७२ मध्ये त्याच्या गावात गोळीबार केला होता, हे कारण त्याने जाहीरपणे सांगितलं आहे. त्याला वर्षानुवर्षं मैदानात शिवीगाळ सोसावी लागली. ज्यांनी ती केली त्यांनी मृतांचा मान राखला असं म्हणवत नाही.

माफी कुठे मागितली याला इतकं महत्त्व का? शब्द तेच असले तर पुरे नाही का? — एक वाचक, सरे, ब्रिटिश कोलंबिया

तुमच्याच गावात याचं उत्तर मिळालं आहे. १९१४ मध्ये कोमागाटा मारू जहाजातून आलेल्या ३७६ भारतीय प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरला उतरू न देता परत पाठवलं गेलं. ३ ऑगस्ट २००८ ला पंतप्रधान हार्पर यांनी सरेतल्या एका मेळाव्यात त्याबद्दल माफी मागितली. आयोजकांनी तिथल्या तिथे, त्याच मंचावरून ती नाकारली : अन्याय सरकारने केला, तर माफी संसदेत हवी. ती संसदेत मागितली गेली १८ मे २०१६ ला, पंतप्रधान ट्रूडो यांच्याकडून. संसदेत बोललेलं अधिकृत नोंदीत जातं आणि पुढच्या सरकारलाही ते नाकारता येत नाही. मेळाव्यातल्या भाषणाला हे बळ नसतं. दुकानाचंही तसंच. मनाई शाखेच्या फलकावर लावली असेल, तर माफी समाजमाध्यमावर टाकून भागत नाही. ती त्याच फलकावर हवी.

जागेच्या जोडीला भरपाई आली की काय होतं, ते २२ सप्टेंबर १९८८ ला दिसलं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक किनाऱ्यावरून सुमारे २२,००० जपानी-कॅनेडियनांना उठवून छावण्यांत आणि आतल्या भागात पाठवलं होतं, त्यांची घरं आणि बोटी विकून टाकल्या होत्या. पंतप्रधान मलरोनी यांनी संसदेत माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २१,००० डॉलर जाहीर केले, त्या काळच्या शिक्षा पुसल्या आणि हद्दपार केलेल्यांना नागरिकत्व परत देऊ केलं. ज्या कायद्याच्या आधारे हे सगळं झालं तो युद्धकालीन कायदाही त्याच वर्षी रद्द झाला.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही सरेतलंच. ११ नोव्हेंबर १९९३ ला स्मरणदिनाच्या संचलनानंतर लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या न्यूटन शाखेने शीख माजी सैनिकांना पगडी आहे म्हणून आत घेतलं नाही. दुसऱ्या महायुद्धात लढलेली माणसं होती ती. वरिष्ठांनी सर्व शाखांना धार्मिक शिरोवेष्टन मान्य करायला लावणारा नियम सुचवला, पण १९९४ च्या अधिवेशनात प्रतिनिधींनी तो फेटाळला. वरून कितीही चांगले शब्द आले, तरी शाखेच्या दारावर उभ्या माणसाच्या हातात जुनाच नियम राहिला.

माझे पणजोबा मराठा पलटणीत होते, मेसोपोटेमियात गेले ते परत आले नाहीत. २०२१ मध्ये युद्धकबरी आयोगाने माफी मागितल्याचं वाचलं. ती खरी मानायची का? आणि त्यांचं नाव कुठे शोधू? — एक वाचक, लेस्टर

या माफीकडे आम्ही आदराने बघतो, कारण तिच्यात आकडे होते. कॉमनवेल्थ युद्धकबरी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल जाहीर केला. पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांचं स्मरण गोऱ्या सैनिकांच्या तुलनेत असमान रीतीने झालं. त्यांत भारतीय, आफ्रिकी, इजिप्शियन मोठ्या संख्येने होते. आणखी किमान १,१६,०००, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांची नावं नोंदलीच गेली नाहीत किंवा त्यांचं स्मरणच झालं नाही. यामागे त्या काळचा वंशभेद होता असं अहवालात थेट लिहिलं आहे. २२ एप्रिलला ब्रिटिश संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी संसदेत माफी मागितली. काय चुकलं, कोणी केलं, किती जणांच्या बाबतीत, हे सगळं माफी मागणाऱ्यांनीच पुढे ठेवलं. नावं शोधण्याचं काम पुढे चालू ठेवण्याचं आश्वासन होतं, आणि त्याचा पाठपुरावा तुमच्यासारख्या वंशजांनी करत राहायला हवा.

तुमच्या पणजोबांच्या बाबतीत ही चूक अगदी जवळची आहे. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आताच्या इराकमधल्या, कुतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात त्या अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. पुढे कैदेत असंख्य लोक मरण पावले. बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे, पण भिंतीवर नावं कोरली गेली ती ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची. भारतीय शिपाई आणि हवालदार यांची तिथे फक्त संख्या होती. ते स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं गेलं.

शोध आयोगाच्या संकेतस्थळावरून सुरू करा. मृत्यूची तारीख ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या दरम्यान असेल तरच पहिल्या महायुद्धाच्या यादीत नाव असतं. जखमांनी किंवा आजाराने घरी येऊन १९२० मध्ये वारलेले सैनिकही त्यात येऊ शकतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आडनावाच्या रकान्यात आडनाव टाकून हात हलवत परतू नका. त्या काळी कारकुनांनी कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलं. कित्येकांचं आडनाव नोंदलंच नाही, नुसतं 'सखाराम' किंवा 'गणू' एवढंच आहे. म्हणून पहिलं नाव, पलटण आणि मृत्यूचं वर्ष एवढ्यावर यादी काढा आणि एकेक नोंद उघडून जादा माहितीचा रकाना वाचा. तिथे बहुधा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. गावाचं स्पेलिंग मोठ्याने वाचून बघा. डोळ्यांना अनोळखी वाटणारं गाव कानाला लगेच ओळखू येतं.

पेन्शनचा कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर, गावातली दगडी पाटी, यांतलं जे असेल त्याचा फोटो काढून ठेवा. पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर, नाव आणि पलटण असते, आणि हा सर्वांत भरवशाचा धागा आहे. पदक चकचकीत करताना कड घासू नका, अक्षरं जातात. नोंद चुकीची असेल किंवा नसेलच, तर या पुराव्यांसह आयोगाकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

दोन छोटे प्रश्न. साडीवर पॉपी कुठे लावायची? आणि वडिलांची पदकं मी संचलनात लावू शकते का? — एक वाचक, कॅल्गरी

डाव्या बाजूला, हृदयाच्या वर. पदराच्या एकाच घडीत टोचली तर फुलाच्या वजनाने टाचणी तिरकी होते आणि तासाभरात पॉपी पडते. रेशमाला भोकही मोठं पडतं. पदराच्या चारपाच निऱ्या एकत्र धरा, खालच्या ब्लाउजचं कापड सोबत घ्या, टाचणी आत घालून पुन्हा बाहेर काढा आणि टोक परत आत दडवा. मंगळसूत्र त्यात अडकत नाही ना ते बघा. मधला काळा भाग दुसऱ्या बिल्ल्याने झाकू नका. कार्यक्रम संपल्यावर पॉपी स्मारकाच्या पुष्पचक्रावर ठेवायची पद्धत आहे.

पदकांबाबत सावध राहा. ब्रिटनमध्ये नातेवाईक ती उजव्या छातीवर लावतात आणि ते चालतं. कॅनडात चालत नाही : दुसऱ्याची लष्करी पदकं अंगावर लावणं फौजदारी संहितेच्या कलम ४१९ खाली गुन्हा ठरू शकतो, वारसांनाही सूट नाही. वडिलांची पदकं चौकटीत बसवून हातात धरून चाला. त्याला कोणाची हरकत नसते.